बोलता न येणाऱ्या मुलाचं चित्र कसं वाचायचं?

आमच्या वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे. "अम्मी", "पानी" आणि "नको", एवढे तीन शब्द सोडले तर तो बोलत नाही. गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर तो रोज पाटीवर एकच चित्र काढायचा. एक उभा चौकोन, त्यात वरच्या बाजूला छोटा गोल, आणि मग सगळा चौकोन गिरवून टाकायचा. आम्ही काय केलं? पाटी पुसली. "बेटा, छान फूल काढ" म्हणून रंगपेटी पुढे केली. त्यानं पेटी ढकलली, आम्ही रागावलो. आठवडाभर हेच चाललं.

एकदा त्याची अम्मी त्याला न्यायला आली तेव्हा सहज म्हणाली, "टीचर, घरी आल्या आल्या बाथरूमकडे पळतो. शाळेत जातच नाही का?" शाळेच्या बाथरूममधला दिवा सुट्टीपासून बंद पडलेला होता. चौकोन म्हणजे दार, गोल म्हणजे दिवा. अम्मीनं त्याची घरची वही आणून दाखवली. त्यातल्या दिव्याला चारी बाजूंनी उजेडाच्या रेघा होत्या. पाटीवरच्या गोलाला एकही रेघ नव्हती. मूल रोज सांगत होतं आणि आम्ही बी.एड. झालेली माणसं रोज पुसत होतो.

बोलायला किती गोष्टी एकदम जमाव्या लागतात बघा. ऐकू यावं लागतं, शब्द आठवावा लागतो, जीभ-ओठ वेळेवर हलावे लागतात. श्रवणदोष, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, ऑटिझम, यांत कुठली ना कुठली कडी अडते. पण सांगण्यासारखं काही नसतं असं नाही. शिवाय बोललेला शब्द क्षणात हवेत जातो, चित्र कागदावर थांबतं. मूल त्याच्याकडे परत बघू शकतं, बोट ठेवू शकतं, आपला हात धरून दाखवू शकतं.

मात्र चित्र वाचायचं म्हणजे भविष्य सांगायचं नव्हे. काळा रंग दिसला की मूल दुःखी, लाल दिसला की रागीट, असलं काही मानू नका. बऱ्याचदा पेटीत तोच एक खडू धड उरलेला असतो! मोठं डोकं आणि त्यातूनच निघालेले दोन पाय, असा माणूस साधारण तीन-चार वर्षांची सगळीच मुलं काढतात. दिव्यांग मूल तो उशिरा काढेल, एवढंच.

आम्ही आता तीन गोष्टी पाहतो. एकच आकार पुन्हा पुन्हा येतो का? तो कधी येतो, जेवणाआधी, बाथरूमहून आल्यावर, की पाहुणे गेल्यावर? आणि नेहमीच्या चित्रात आज काय बदललं? प्रत्येक कागदामागे तारीख आणि त्या दिवशी काय घडलं ते एका ओळीत लिहून ठेवतो. महिनाभराचे कागद शेजारी शेजारी मांडले की पुष्कळ कळतं. "हे काय आहे?" हा प्रश्न शक्यतो टाळतो, कारण त्याचं उत्तर द्यायलाच तर मुलाकडे शब्द नाहीत. त्याऐवजी आपणच दोन साधी चित्रं काढून पुढे ठेवायची, पंखा की खिडकी? मूल बोट ठेवेल, नजर टाकेल किंवा दोन्ही भिरकावून देईल. तेही उत्तरच.

म्हणजे आई-वडिलांनीही काढायचं. "आम्हाला येत नाही" हे चालणार नाही, कप आणि नळ सगळ्यांना येतो. दवाखान्यात जायचं असेल तर रिक्षा, बाक, सुई आणि परत घर असं ओळीनं काढून आधी दाखवा. सुई लपवू नका, नाहीतर पुढच्या वेळी मूल तुमच्या चित्रावर भरवसा ठेवणार नाही.

इथे काही घरांत तसवीरचा प्रश्न येतो. एका दादींनी नातवाचे खडू उचलून कपाटात ठेवले होते. त्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून आम्ही वाद घातला नाही. निर्जीव वस्तू आणि झाडं काढायला हरकत नाही, हे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या सल्ल्यातून हदीसमध्ये आलेलं आहे. ताट, नळ, पंखा, बिछाना, चंद्र, मशिदीचा मिनार यांतून मुलाच्या दिवसभराच्या बहुतेक गरजा सांगून होतात. माणसांच्या चित्रांबद्दल तुमच्या आलिमांना विचारा, पण विचारताना मुलाला बोलता येत नाही हेही सांगा. खडू त्या दादींनी परत काढून दिले.

दुसरी भीती अशी की चित्राची सवय लागली तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडेल. संशोधनात असं आढळलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं वाढलं आहे. 1974 साली लंडनमध्ये जन्मलेले स्टीफन विल्टशायर हे ऑटिझम असलेले चित्रकार लहानपणी बोलत नव्हते. शिक्षकांनी त्यांचं चित्रकलेचं साहित्य काही वेळ बाजूला ठेवलं, तेव्हा त्यांच्या तोंडून आलेला पहिला शब्द होता "कागद". पण आपलं मूल विल्टशायर होईल ही आशा डोक्यात घेऊ नका. आम्हाला पाहुण्यांसमोर मिरवायचं चित्र नको आहे, कान दुखतो हे सांगणारं हवं आहे.

हात नीट वळत नसेल तर जाड खडू घ्या, त्यावर फडक्याची पट्टी गुंडाळा, कागद चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीनं टेबलाला डकवा. खडू धरताच येत नसेल तर परातीत रवा पसरून बोटानं. दिसत नसेल तर पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून आकार करता येतो.

एक मात्र नक्की करा. चित्रं घरी चालू ठेवा, पण तपासणी टाळू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणासाठी आहे. हाताशी मोबाइल असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांतून बोलण्याचं अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. जाताना मुलाच्या चित्रांची वही बरोबर न्या, तपासणाऱ्याला तिचा उपयोग होतो.

आमच्या त्या मुलाच्या बाथरूममध्ये दिवा लागला. तरी पहिले काही दिवस तो दार उघडं ठेवूनच जायचा, आणि आम्ही बाहेर उभे. गेल्या आठवड्यापासून पाटीवर नवीन काहीतरी येतंय, लांबट डबा आणि त्याखाली दोन गोल. रिक्षा काढून दाखवली, बस काढून दाखवली, हातगाडीही दाखवली. तीनही वेळा त्यानं मान हलवली. आज त्याच्या अब्बूंना बोलावलं आहे.