ॲटनबरो
इंग्लंडमधील एक विरळ आडनाव. नॉटिंगॅमशर परगण्यातील ॲटनबरो या गावावरून ते आले, असे सामान्यतः मानतात. हे गाव नॉटिंगॅम शहराच्या नैर्ऋत्येस सु. ७ किमी. वर ट्रेंट नदीकाठी आहे. क्रॉमवेलचा जावई व सेनानी हेन्री आयर्टन याचा बाप्तिस्मा येथील चर्चमध्ये झाला (१६११).

ग्रामनामाचे उत्तरपद तटबंदीचे स्थान या अर्थाच्या ‘बुर्ह’ या अँग्लो-सॅक्सन शब्दापासून आले असून पूर्वपदात ॲडा किंवा तत्सम व्यक्तिनाम आहे; म्हणजे ‘ॲडाची गढी’. आडनावाची मात्र आणखी एक व्युत्पत्ती देतात. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ म्हणजे ‘अमुक ठिकाणी’. भारताच्या स्वातंत्र्यकाळी ब्रिटनचे पंतप्रधान असलेले ॲटली यांचे आडनाव (‘कुरणाजवळचा’) याच घडणीचे आहे. त्यानुसार ॲटनबरो म्हणजे कोणत्याही गढीजवळ वा टेकडीजवळ राहणारा. हे खरे धरल्यास असे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण व्हावयास हवे होते.

आडनावाची भौगोलिक व्याप्ती या तर्कास अनुकूल नाही. एकोणिसाव्या शतकातील जनगणनांत त्याची दाटी नॉटिंगॅमशर व लगतचा डर्बीशर यांत आढळते. ग्रामनामावरून पडलेले आडनाव बहुधा गाव सोडलेल्या माणसास चिकटते. पुण्यातच राहणाऱ्यास पुणेकर हे आडनाव सहसा पडत नाही, तसेच हे. पण असा माणूस फार दूर जात नसे. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात या नावाचे सावकारी पेढीवाले प्रसिद्ध होते, तर ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका येथे ते स्थलांतरितांबरोबर गेले.

आनुवंशिकीचा पुरावाही याच दिशेचा आहे. वाय-गुणसूत्र आडनावाप्रमाणेच पित्याकडून पुत्राकडे जाते. लेस्टर विद्यापीठातील तुरी किंग व मार्क जॉब्लिंग यांनी ४० आडनावांच्या पुरुषांची वाय-गुणसूत्रे तपासली (२००९). लोहारकामावरून ठिकठिकाणी पडलेल्या स्मिथ या आडनावाच्या पुरुषांत यदृच्छेपेक्षा अधिक साम्य आढळले नाही. ॲटनबरो आडनावाच्या ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांची गुणसूत्रे मात्र एकसारखी किंवा जवळजवळ एकसारखी निघाली. त्यावरून मूळ पुरुष एकच होता, हे निर्विवाद ठरत नाही. आरंभी अनेकांनी हे नाव घेतले असेल व पुत्रांअभावी बाकीचे वंश खुंटले असतील. तथापि आजचे बहुतेक ॲटनबरो एकाच पुरुषाचे वंशज असावेत, एवढे मानण्यास हरकत नाही.

फ्रेडरिक ॲटनबरो (१८८७–१९७३) यांचा जन्म मूळ गावापासून काही किमी.वरील स्टेपलफर्डचा, इतक्या शतकांत नावाने केलेला प्रवास तो एवढाच. ते स्वतः अँग्लो-सॅक्सनचे अभ्यासक होते. प्रारंभीच्या इंग्लिश राजांचे कायदे त्यांनी संपादिले (१९२२) आणि पुढे ज्या संस्थेचे लेस्टर विद्यापीठ झाले, त्या महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते (१९३२–५१). गांधी (१९८२) या आठ ऑस्कर पारितोषिके मिळविणाऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड (१९२३–२०१४) हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र; त्या चित्रपटात कस्तुरबांची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. दुसरे पुत्र निसर्गविषयक चित्रमालिकांचे निर्माते डेव्हिड (जन्म १९२६). ॲटनबरो गावाजवळ रेती काढल्याने झालेल्या तळ्यांचे निसर्गरक्षित क्षेत्र करण्यात आले, तेव्हा त्याचे उद्‌घाटन त्यांच्याच हस्ते झाले (१९६६).