लोहचुंबकाने भार उचलताना : आकडा वाचा, मगच खटका फिरवा

धाराशिव, उमरगा, तुळजापूर, कळंब या भागांत आपले अनेक बांधव भंगार, वेल्डिंग, लेथ व फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहेत. जाड पत्रा हलवायचा म्हणजे पूर्वी चार माणसे, दोर आणि पहार लागे. आता खटका फिरवताच लोखंड घट्ट धरणारे लोहचुंबक बाजारात मिळते. चेन पुलीला ते अडकवले की एकदोन माणसांत काम उरकते. सोय मोठी आहे. पण चुंबकावरच्या आकड्याचा अर्थ न समजता भार उचलला, तर तो एखाद्याच्या पायावर किंवा डोक्यावर येऊ शकतो.

"500 किलो लिहिले आहे, म्हणजे 500 किलो उचलणारच," असे आपण धरून चालतो. वास्तविक तो आकडा जाड, सपाट, स्वच्छ अशा साध्या पोलादासाठी असतो. गंज, रंग किंवा वेल्डिंगचे थेंब मध्ये आले की फट पडते आणि पकड झपाट्याने घटते. पातळ पत्र्यात चुंबकाची पूर्ण ताकद उतरत नाही. शिवाय लांब पत्रा टोकाकडे वाकतो आणि कडेने सुटू लागतो. गोल सळईला किंवा पाइपला सपाट पत्र्याइतकी पकड मिळत नाही. बिडाला ती कमी मिळते, तर 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक जवळपास धरतच नाही. गॅस कटिंग करून नुकताच काढलेला गरम तुकडाही उचलू नये. साधारण प्रतीचे निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागते.

दुसरा मुद्दा हिसक्याचा. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप उमरगा-लोहारा भाग विसरलेला नाही. वर्षानुवर्षे छपराचा भार पेललेल्या दगडमातीच्या भिंती जमीन हलताच कोसळल्या. स्थिर भार आणि हलता भार यांत असा फरक असतो. पुली झटक्याने ओढली किंवा भार झुलला, की चुंबकावरचा ताण वजनापेक्षा वाढतो.

म्हणूनच मानकांत राखीव ताकद ठेवलेली असते. युरोपातील ईएन 13155 या मानकानुसार कायम चुंबकाची पकड नेमून दिलेल्या भाराच्या किमान 3 पट आणि विद्युत चुंबकाची किमान 2 पट असावी लागते. अमेरिकेतील एएसएमई बीटीएच-1 हे मानक लोखंडी सांगाड्यासाठी 'ए' वर्गाला 2 आणि 'बी' वर्गाला 3 हा गुणक धरते. भार किती येईल याचा नीट अंदाज नसेल किंवा जागा अडचणीची असेल, तर 'बी' वर्ग. ही राखीव ताकद जादा माल उचलण्यासाठी नाही, चुकीला आणि हिसक्याला सामावून घेण्यासाठी आहे.

वजन काढणे सोपे आहे. 1 चौरस मीटर आणि 1 मिलिमीटर जाड पोलादी पत्रा 7.85 किलो भरतो. म्हणजे अडीच मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, 8 मिलिमीटर जाड पत्रा सुमारे 196 किलोचा. पुलीवर मात्र चुंबक आणि सांगाडा यांचेही वजन पडते. 1 टनाच्या पुलीला 40 किलोचे चुंबक व 60 किलोचा सांगाडा टांगला, तर मालासाठी 900 किलोच उरतात. सांगाडा स्वतः वेल्ड करणाऱ्या कारागिरांनी हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

भंगाराच्या आवारात विद्युत चुंबक घेणाऱ्यांनी बॅटरीचा विचार आधी करावा. लाईट गेली की पकड सुटते. वरील युरोपीय मानक मुख्य विजेवरच्या चुंबकाला किमान 10 मिनिटे भार धरून ठेवील अशी बॅटरी मागते. माणसे फिरकत नाहीत अशा बंदिस्त जागेलाच त्यातून सूट आहे.

1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 29 ने भार उचलण्याच्या साधनांची 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी घालून दिली होती. छोट्या वर्कशॉपनेही हा दंडक पाळावा. चुंबक घेताना चाचणीचा दाखला आणि जाडीनुसार भाराचा तक्ता मागून घ्यावा व तो भिंतीवर लावावा. भार आधी चार बोटे उचलून थांबावे, पकड पाहावी, मगच पुढे न्यावे. आणि लटकत्या भाराखाली उस्तादाने स्वतः जाऊ नये, शागीर्दालाही पाठवू नये.