तांबूस होत गेलेलं खुराडं

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाच्या आसपासच्या खेड्यांत चाळीसेक वर्षांपूर्वी एका खुराड्यातल्या दोन कोंबड्या सहसा सारख्या नसत. एक काळी, एक राखी, एक ठिपक्यांची. कुणाचा तुरा करवतीसारखा उभा, कुणाचा बसका. पाय कुठे पिवळे, कुठे काळपट. अंडी माहेरून यायची आणि कोंबडा शेजारच्याचा असायचा, म्हणून ही सरमिसळ. बाईची कसोटी एकच होती: जी खुडूक होऊन एकवीस दिवस बसेल आणि पिलं घारीपासून राखेल, ती ठेवायची. पांढरी सहसा टिकत नसे, घारीला ती लांबून दिसते.

पिवळ्या पायांमागे जुनी सोयरीक आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबड्याकडून आला, असं 2008 च्या संशोधनात दिसलं. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतलाच. उघड्या मानेची कोंबडी मात्र अनेकांना बघवत नसे. खरं तर तिच्या अंगावर पिसं कमी, त्यामुळे विदर्भाचा उन्हाळा तिला सोसतो. आमच्याकडे दिसण्यावरून नाक मुरडायची घाई फार!

मग सरकारी योजनांतून तांबड्या ऱ्होड आयलंड रेडचे कोंबडे आले, पाठोपाठ बंगळूरची गिरिराजा, हैदराबादची वनराजा. हिशेब सोपा होता. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तीही लहान. या नव्या कोंबड्या कितीतरी जास्त देतात. राणीखेतच्या साथीत, म्हणजे मानमोडीत, खुराडं रिकामं झालं की ते आता फिरत्या विक्रेत्याच्या पिलांनी भरतं. म्हणून रंग तांबूस होत गेला.

महाराष्ट्राशी नातं सांगणाऱ्या बुसरा जातीची नोंद झाली आहे, ती नवापूर-साक्रीकडची. बुलढाण्याच्या कोंबडीला लोक नुसतं गावरान म्हणतात, आणि गिऱ्हाईक तर तपकिरी कवचालाच गावरान समजून जास्त पैसे मोजतं. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे 31.7 कोटी भरल्या, आधीपेक्षा 46 टक्क्यांच्या आसपास जास्त. त्यात जुनी किती, नवी किती, हे एका आकड्यावरून कळत नाही.

नवीचं एक अडतं. ती क्वचितच खुडूक होते. घरी पिलं काढायची झाली, तर तिचीही अंडी गावरान कोंबडीखालीच ठेवावी लागतात.