राहदारीचा नवा परवाना

मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्र उलटून गेल्यावर, आखाताकडे, युरोपकडे आणि अतिपूर्वेकडे जाणारी विमाने एकामागोमाग एक सुटण्याच्या बेतात असतात तेव्हा, आप्रवासन-तपासणीच्या खिडक्यांपुढे जी रांग लागते तिच्यात तान्ह्या मुलांना कडेवर घेतलेल्या माता, प्रथमच परदेशी निघालेले विद्यार्थी, लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली वृद्ध जोडपी आणि महिन्यातून दोनदा सिंगापूरला जाऊन येणारे व्यापारी असे सगळे एकाच गतीने पुढे सरकत असतात. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला ह्या सर्वांचे पारपत्र सारख्याच बारकाईने पाहावे लागते. वस्तुतः त्यांतील व्यापाऱ्याची इत्थंभूत माहिती सरकारदफ्तरी केव्हाच नोंदलेली असते आणि त्याच्या जाण्या-येण्यात तपासण्यासारखे नवे काही उरलेले नसते. ज्याची शहानिशा अगोदरच झालेली आहे अशा प्रवाशाला निराळ्या वाटेने सोडावे आणि अधिकाऱ्याचे लक्ष अनोळखी प्रवाशासाठी मोकळे ठेवावे, ह्या साध्या विचारातून गेल्या तीस वर्षांत ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ म्हणजे विश्वासपात्र प्रवाशांच्या योजना जगभर उभ्या राहिल्या, आणि 2024 पासून आपल्या देशानेही त्यांत पाऊल टाकले आहे.

ओळखीच्या माणसाला वाट खुली करून देण्याची रीत आपल्या किनाऱ्याला नवी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याची सक्ती केली, आणि तो जवळ नसेल तर माल आणि गलबत दोन्ही जप्त होत. मोगल बादशहांच्या हजयात्रेच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी ह्याच किनाऱ्यावर आपली दस्तके चालविली आणि ती न घेणाऱ्या परकीय जहाजांना अडविले. त्या काळचा परवाना मुख्यतः पैसा मोजून मिळत असे. आजचा परवाना स्वतःची माहिती आगाऊ उघड करून मिळतो. प्रवासी आपला चेहरा, बोटांचे ठसे आणि पूर्ववृत्त सरकारच्या हवाली करतो, आणि त्या बदल्यात सरकार त्याला खिडकीवरच्या जाबजबाबातून सूट देते. तपासणी रद्द झालेली नसते. ती फक्त खिडकीवरून उचलून कित्येक महिने आधी, प्रवाशाच्या घरी आणि पोलीस चौकीच्या नोंदवहीत नेऊन ठेवलेली असते. ही एक गोष्ट नीट उमगली म्हणजे ह्या योजनांतील पुष्कळसे नियम आपोआप समजतात.

ह्या प्रयोगाची आधुनिक सुरुवात अमेरिकेत झाली. 1993 साली न्यूयॉर्क परिसरातील विमानतळांवर तळहाताचा आकार मोजून प्रवासी ओळखणारी यंत्रे बसली, आणि 1995 मध्ये मेक्सिकोच्या सरहद्दीवर, सॅन दिएगोजवळच्या ओताय मेसा नाक्यावर, ‘सेंट्री’ ही मोटारींसाठीची राखीव मार्गिका सुरू झाली. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर कॅनडा-अमेरिका सरहद्दीवरची तपासणी एकाएकी इतकी कडक झाली, की डेट्रॉइट आणि विंडसर ह्यांना जोडणाऱ्या अँबॅसडर पुलावर मालमोटारींच्या मैलोगणती रांगा लागल्या आणि सुटे भाग वेळेवर न पोहोचल्याने मोटारींच्या कारखान्यांचे काम अडले. सुरक्षितता आणि व्यापार ह्यांपैकी एकाचा बळी देणे दोन्ही राष्ट्रांना परवडणारे नव्हते. म्हणून 2002 मध्ये दोघांनी मिळून ‘नेक्सस’ योजना उभी केली, आणि मालमोटारींच्या चालकांसाठी ‘फास्ट’ ही स्वतंत्र योजना आखली. विमानाने अमेरिकेत येणाऱ्यांसाठी ‘ग्लोबल एंट्री’ 2008 मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली.

नेक्ससच्या मार्गिकेत कार्डाचे काम कसे चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. बफेलोच्या पीस ब्रिजसारख्या पुलावरून मोटार नाक्याकडे येऊ लागली, की चालकाने आपले आणि आतील प्रत्येकाचे कार्ड वाचकयंत्रासमोर धरावयाचे. कार्डातील चिप दुरूनच वाचली जाते, आणि मोटार खिडकीशी पोहोचेपर्यंत सर्वांची छायाचित्रे आणि नोंदी अधिकाऱ्याच्या पडद्यावर आलेल्या असतात. तो एक दृष्टिक्षेप टाकतो, क्वचित एखादा प्रश्न विचारतो आणि हात हलवून जाऊ देतो. परंतु मोटारीतील एकाही माणसाजवळ, मग ते मागच्या आसनावर झोपलेले मूल का असेना, सदस्यत्व नसेल, तर त्या मोटारीला ती मार्गिका वर्ज्य आहे. टोरांटोच्या आसपास राहणारी आपली मराठी मंडळी नायगारा ओलांडून बफेलोकडे जातात तेव्हा भारतातून पाहुणे आलेल्या आईवडिलांना बरोबर घेऊन ह्या मार्गिकेत शिरण्याचा मोह त्यांनी टाळला पाहिजे. नेक्सस मुख्यतः त्या दोन देशांच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे, आणि नियमभंगाचा ठपका सदस्याच्याच नावावर बसतो.

भारतीय नागरिकांना खुली झाली ती ग्लोबल एंट्री, जुलै 2017 पासून. अर्ज अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळावर करावयाचा. 1 ऑक्टोबर 2024 पासून त्याचे शुल्क 100 ऐवजी 120 डॉलर झाले आहे, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. भारतीय अर्जदाराला त्याखेरीज आपल्या पासपोर्ट सेवेमार्फत पूर्ववृत्ताची पडताळणी करून घ्यावी लागते. सशर्त मंजुरी आल्यावर प्रत्यक्ष मुलाखत होते. ती अमेरिकेत उतरल्यावर काही विमानतळांवर वेळ न ठरवताही देता येते, ही सोय दूरच्या प्रवाशाला विशेष उपयोगी आहे. सदस्यत्वाची मुदत पाच वर्षांची असते. व्हिसाची आवश्यकता त्याने तिळमात्र कमी होत नाही, हे मात्र ध्यानात असावे. सदस्याला एक ओळखक्रमांक मिळतो, आणि तो तिकिटाच्या आरक्षणात नोंदविला तर अमेरिकेतील विमानतळांवर ‘प्रीचेक’ नावाची सुरक्षा-तपासणीची रांगही मिळू शकते, जिच्यात संगणक आणि द्रवपदार्थ पिशवीतून बाहेर काढावे लागत नाहीत. कित्येक जण सदस्यत्व घेतात आणि आरक्षणाच्या वेळी हा क्रमांक लिहावयाचाच विसरतात. मग विमानतळावर कार्ड दाखवून वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण त्या रांगेचा निर्णय बोर्डिंग पासवर छापलेल्या खुणेवरून होतो.

येथेच मराठी माणसाच्या नावाचा एक प्रश्न उपस्थित होतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदांची नावे चालतात. पारपत्रात पहिली दोन पदे एका रकान्यात लिहिलेली असतात, तिकीट काढणारा मुलगा घाईत मधले पद गाळतो, आणि अर्जात विवाहितेचे माहेरचे नाव तर पारपत्रात सासरचे, अशीही उदाहरणे घरोघरी सापडतात. यंत्राला ही माणसे वेगवेगळी वाटतात. म्हणून अर्ज, पारपत्र आणि तिकीट ह्या तिन्हींत नावाचे अक्षर न् अक्षर सारखे राहील ह्याची काळजी अर्जदाराने आरंभीच घेतली, तर पुढचा मनस्ताप वाचतो.

भारताच्या गृह मंत्रालयाने 22 जून 2024 रोजी दिल्ली विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलवर ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन - ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम’ सुरू केला. 16 जानेवारी 2025 रोजी तो मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आला. तो भारतीय नागरिकांसाठी आणि ‘ओसीआय’ म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड असणाऱ्यांसाठी आहे. पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्या आणि ओसीआय कार्ड बाळगणाऱ्या गोमंतकीयांना, त्याचप्रमाणे अमेरिकन नागरिक झालेल्या आपल्या नातलगांना, ह्यामुळे मुंबईत उतरताना तोच दरवाजा खुला झाला आहे. अर्ज संकेतस्थळावर भरावयाचा. छाननी झाली की संदेश येतो, आणि मग विमानतळावर किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची प्रतिमा द्यावयाची. नोंदणी पाच वर्षे, किंवा पारपत्राची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, चालते.

प्रवासाच्या दिवशी ह्या प्रवाशाने ई-गेटपाशी जाऊन प्रथम आपला बोर्डिंग पास आणि नंतर पारपत्र यंत्रावर ठेवावयाचे. यंत्र चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदीशी ताडून पाहते, आणि रुजुवात पटली की झडप आपोआप उघडते. तेवढ्यानेच आप्रवासनाची मंजुरी मिळाल्याचे मानले जाते. स्वयंपाकाने, बांधकामाने वा वयाने ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत त्यांना यंत्र कधी कधी ओळखत नाही. अशा वेळी संकोच न करता शेजारच्या अधिकाऱ्याकडे जावे, त्यात कसलाही दोष मानला जात नाही.

ह्या विषयात सर्वाधिक घोटाळा होतो तो विमानतळावरच्या निरनिराळ्या तपासण्या एकच समजल्यामुळे. सामानाची आणि अंगाची सुरक्षा-तपासणी निराळी, पारपत्राची आप्रवासन-तपासणी निराळी आणि आणलेल्या वस्तूंची जकात-तपासणी निराळी. आपला फास्ट ट्रॅक केवळ दुसरीपुरता आहे. 1 डिसेंबर 2022 पासून चालू झालेली ‘डिजियात्रा’ देशांतर्गत प्रवाशाला चेहऱ्याच्या ओळखीवर विमानतळात आणि सुरक्षा-तपासणीपर्यंत नेते. तिचा परदेशगमनाच्या मंजुरीशी संबंध नाही. आणि जकातीच्या बाबतीत कोणत्याही देशाचे कोणतेही कार्ड माफीपत्र ठरत नाही.

जकातीचा हा मुद्दा जरा विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे, कारण पुष्कळांचे सदस्यत्व तेथेच धोक्यात येते. नातवंडांकडे अमेरिकेस निघालेली आजी ओल्या फडक्यात गुंडाळून ताज्या कढीलिंबाच्या चार काड्या पिशवीत घालते, तेव्हा तिच्या मनात मायेखेरीज काही नसते. परंतु कढीलिंब हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. त्याच्या पानांवर राहणारा एक बारीक कीटक संत्र्याच्या बागा वाळवून टाकणारा रोग पसरवितो, आणि म्हणून ताजी पाने अमेरिकेत नेण्यास मनाई आहे. आपल्या आंब्यालाही त्या देशाचा दरवाजा 2007 मध्ये उघडला तो लासलगावच्या केंद्रात विकिरणाची प्रक्रिया करून पाठविलेल्या फळापुरता; पिशवीतून नेलेल्या हापुसाला ती मुभा नाही. खाण्याचा कोणताही जिन्नस बरोबर असेल तर तो आपण होऊन सांगावा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, पण लपविलेली सापडली तर दंड होतो आणि ग्लोबल एंट्रीचे सदस्यत्वही रद्द होऊ शकते. ज्याने विश्वासाच्या बोलीवर सवलत घेतली त्याच्याकडून ह्या बाबतीत अधिक काटेकोरपणाची अपेक्षा असते, आणि ती मला सर्वथा न्याय्य वाटते.

सदस्यत्व असे रद्द होऊ शकते; पारपत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली दिला, आणि त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला. म्हणून पारपत्र नाकारावयाचे तर सरकारला कायद्याने कारण द्यावे लागते. विश्वासपात्र प्रवाशाचे कार्ड ही सवलत आहे, आणि सवलत काढून घेतली जाऊ शकते; कधी कधी तर आपला काडीचाही अपराध नसताना. फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने न्यूयॉर्क राज्यातील रहिवाशांना ग्लोबल एंट्री, नेक्सस, सेंट्री आणि फास्ट ह्या चारही योजनांची दारे बंद केली. वाद होता वाहनपरवान्यांच्या नोंदी केंद्राला देण्याविषयी, राज्य आणि केंद्र ह्यांच्यामधला; प्रवाशांच्या वर्तनाचा त्याच्याशी काहीएक संबंध नव्हता. त्याच वर्षीच्या जुलैत ही बंदी उठली, आणि तिच्या समर्थनार्थ न्यायालयात केलेली काही विधाने खरी नव्हती हेही सरकारला मान्य करावे लागले. तोवर मात्र हजारो प्रामाणिक माणसांना दुसऱ्यांच्या भांडणाची झळ सोसावी लागली होती.

आपल्या योजनेच्या बाबतीतही दोन अपेक्षा सरकारकडे बोलून दाखविल्या पाहिजेत असे मला वाटते. परवलीचा शब्द चोरीस गेला तर तो बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. तेव्हा ते किती काळ ठेवले जातात, कोणाला दाखविले जातात आणि सदस्यत्व संपल्यावर त्यांचे काय होते, हे प्रत्येक अर्जदाराला त्याच्या भाषेत, अर्ज भरण्यापूर्वीच कळले पाहिजे. आणि दुसरे असे, की नोंदणीकृत प्रवासी ई-गेटकडे वळल्यामुळे अधिकाऱ्यांचा जो वेळ मोकळा होतो तो साध्या रांगेच्याच वाट्याला यावा. संगणकावर अर्ज भरण्याची सवय नसलेला, आयुष्यात एकदाच विमानात बसणारा वृद्ध माणूस त्या रांगेत उभा आहे. खिडक्या कमी करून त्याला अधिक तिष्ठत ठेवणे हा ह्या योजनेच्या मूळ हेतूचाच भंग होईल.

वर्षातून एकदा जरी परदेशी जाणे होत असेल, तरी भारतीय योजनेत नाव नोंदविणे हिताचे आहे. पारपत्राची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असू द्या, छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा आणि प्रवासाच्या पुरेसे आधी अर्ज करा. सरकारने ही नोंदणी प्रारंभी निःशुल्क ठेवलेली आहे. त्यामुळे ती ‘करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाकडे न जाता गृह मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच, किंवा घरातल्या जाणत्या मुलीच्या मदतीने, अर्ज भरा.