बिघडलेली ईमेल आणि पार्सरची परीक्षा

मालाची मागणी, बिले, बँकेच्या सूचना आता ईमेलने येतात. पुष्कळ ठिकाणी त्या आधी माणूस वाचत नाही; संगणकातील एक आज्ञावली वाचते आणि मागणी परस्पर हिशेबात चढवते. तिला पार्सर म्हणतात. प्रेषक, विषय, मजकूर आणि जोडपत्रे वेगळी करणे हे तिचे काम.

ईमेल कशी लिहावी, याचे नियम १९८२ च्या 'आरएफसी ८२२' मध्ये व पुढे २००८ च्या 'आरएफसी ५३२२' मध्ये दिले आहेत. मजकूर व जोडपत्रे एकत्र पाठविण्याची 'माइम' पद्धत १९९२ साली आली. पण प्रत्येक संदेश नियमाने येतोच असे नाही. म्हणून पार्सरची खरी परीक्षा बिघडलेल्या संदेशावर होते.

परीक्षेची रीत सोपी आहे. एक चांगला संदेश घ्यावा आणि त्यात एका वेळी एकच दोष घालावा. भाग वेगळे करणारी शेवटची सीमा-ओळ काढावी. जोडपत्र मध्येच तोडावे. मराठी मजकुरावर चुकीच्या लिपी-संकेताचे नाव घालावे. नियमाने एक ओळ ९९८ अक्षर-चिन्हांपेक्षा मोठी नसावी. ती दहापट लांब करावी. मग तीन गोष्टी पाहाव्यात : काम बंद पडले का? मजकूर गहाळ झाला का? दोष आढळल्याची नोंद झाली का? हे संदेश जपून ठेवावेत आणि आज्ञावलीत बदल झाला की पुन्हा चालवावेत.

काम बंद पडले तर निदान कळते. गुपचूप केलेला अंदाज जास्त घातक. 'आउटलुक एक्स्प्रेस'मध्ये एखादी ओळ 'बिगिन' हा इंग्रजी शब्द व दोन मोकळ्या जागा यांनी सुरू झाली, तर पुढचा मजकूर जोडपत्र समजला जाई आणि वाचणाऱ्याला तो दिसत नसे. दुसरे उदाहरण प्रेषकाचे. नियमाप्रमाणे प्रेषकाची ओळ एकच हवी. लबाडाने दोन घातल्या, तर तपासणारी आज्ञावली पहिली पाहते आणि पडद्यावर दुसरी दिसते, असे घडू शकते. असा संदेश बाजूला ठेवून माणसाला दाखवणे हेच योग्य.

तेव्हा अशी आज्ञावली विकत घेताना व्यापारी बांधवांनी विचारावे : बिघडलेल्या संदेशांवर हिची चाचणी झाली आहे का? आणि बँक खाते बदलल्याची ईमेल आली, तर आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर फोन करून खातरजमा केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.