फियाट पोसायची तर घरदार लागतं

लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःची मोटार नव्हती. मुलांनी हट्ट धरला. चौकशी केली तर फियाटची किंमत १२,००० रुपये निघाली आणि खात्यात होते ७,०००. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला आणि १९६४ साली फियाट घरी आली. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा ते कर्ज फिटायचं होतं. ते ललिता शास्त्रींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. गाडी आजही दिल्लीच्या शास्त्री स्मारकात उभी आहे.

या गोष्टीतून साधेपणाचा धडा नेहमीच काढला जातो, आणि तो बरोबरच आहे. पण जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या घरांकडे बघताना मला तिची दुसरी बाजू जास्त खुणावते. गाडी हौसेने आणतं कुणीतरी एक जण आणि निस्तरतं सगळं घर.

फियाट किंवा पद्मिनी विकत घेणं त्या मानाने सोपं असतं. खर्च सुरू होतो तो नंतर. ‘थोडंसं डेंटिंग-पेंटिंग’ म्हणून गाडी गॅरेजला जाते, मिस्त्री जुना रंग खरवडतो आणि खाली पत्रा कमी आणि लांबी (पुट्टी) जास्त निघते. मग दारांचे खालचे काठ, मग फ्लोअर, मग बंपरचं क्रोम, काचांचे रबर, हेड गॅस्केट. पुण्यातली नाना पेठ आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इथल्या दुकानदारांशी घरच्या माणसाचं इतकं गूळपीठ जमतं की एखाद्या आत्याकडेही तो इतक्या वेळा गेलेला नसतो. संध्याकाळी दारातून आत येताना हातातली पिशवी पाठीमागे जाते. “अहो, काय आहे त्यात?” “काही नाही, वायपरचं ब्लेड.” वायपरच्या ब्लेडला एवढं वजन नसतं हे विचारणारीलाही ठाऊक असतं.

भांडणाचं मूळ पैशात आहे असं सगळ्यांना वाटतं. मला ते तेवढंसं पटत नाही. सोनं, परदेशवारी, मुलाचा क्लास यांवरही घरात पैसा जातो, पण तो सांगून, विचारून जातो. जुन्या गाडीत तो गुपचूप जातो आणि शिवाय रविवार घेऊन जातो.

१९५३ साली आलेला ‘जेनेव्हीव्ह’ हा ब्रिटिश विनोदी चित्रपट नेमका याच दुखण्यावर बेतलेला आहे. जेनेव्हीव्ह म्हणजे १९०४ सालची डॅरॅक गाडी. लंडन ते ब्रायटन ही जुन्या गाड्यांची फेरी १८९६ सालच्या अशाच एका प्रवासाची आठवण म्हणून निघते, आणि कथेतला तरुण वकील दरवर्षी त्या फेरीत गाडी नेतो. बायको बिचारी शेजारी बसून थंडीवारा खाते. ब्रायटनला पोचल्यावर चांगलं हॉटेल हुकतं, एका भिकार जागी रात्र काढावी लागते, तिचा संयम सुटतो. परतीच्या वाटेवर मात्र नवरा मित्राशी १०० पौंडांची पैज लावून बसतो की वेस्टमिन्स्टर पूल आधी कोण ओलांडतं बघू. आणि ज्या बाईला ही फेरी नकोशी झाली होती, तीच हळूहळू त्या शर्यतीत गुंतत जाते. (या चित्रपटाच्या नायकाचं काम करणाऱ्या जॉन ग्रेगसनला चित्रीकरणाच्या वेळी धड गाडी चालवता येत नव्हती म्हणतात. ही गोष्ट कुठल्याही गाडीवेड्या नवऱ्याला आवर्जून सांगावी.)

तिला गाडीचा राग नव्हता, शेजारच्या सीटचा होता. दरवर्षी नुसतं बसायचं, कौतुक करायचं, गाडी बंद पडली की रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. यात भागीदारी कसली?

मोटारीच्या इतिहासात ही शेजारची सीट फार लवकर नाकारली गेली आहे. कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट जानेवारी १८८६ मध्ये घेतलं. कारखान्यात पैसा होता बायकोच्या माहेरचा, आणि तरीही गाडी खपत नव्हती. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझने नवऱ्याला न सांगता ती गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभरएक किलोमीटरची वाट. वाटेत वीस्लॉखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, उघड्या पडलेल्या वायरीला मोज्याच्या पट्ट्याचं आवरण घातलं, झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांना उतरून ढकलावं लागलं, तेव्हा चढासाठी आणखी एक गिअर हवा हेही घरी कळलं. गाडी बनवणाऱ्याला कार्यशाळेत बसून जे उमगलं नव्हतं ते ती चालवत माहेरी गेलेल्या बायकोला एका दिवसात उमगलं.

म्हणून माझं म्हणणं असं की, घरच्यांनी गाडीवर प्रेम करावं अशी इच्छा असेल तर आधी किल्ली द्यावी.

फियाट यासाठी तशी सोयीची गाडी आहे, कारण ती मुळात कुटुंबासाठीच होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज, प्लायमाउथ अशा अमेरिकी गाड्या आणि पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकातल्या गोल नाकाच्या फियाटला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव इतकं बसलं की आज संग्राहकही ते अभिमानाने घेतात. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी नावं आली आणि सत्तरीच्या दशकात पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खाली, म्हणून पुढे अखंड बाक आणि मधे एका मुलाची हक्काची जागा. अशा गाडीत पाचांऐवजी सात माणसं आणि डिकीत वळकट्या घालून महाबळेश्वरला गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. दोन माणसांच्या स्पोर्ट्स कारची हौस करणाऱ्याने घरच्यांनी रस घ्यावा अशी अपेक्षा ठेवली तर ती थोडी अवाजवीच म्हणायची.

मात्र आजच्या गाडीवर हात बसलेल्या माणसाला फियाट नव्याने शिकावी लागते. सकाळी चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, इंजिन जरा तापू द्यायचं आणि चोक आठवणीने आत ढकलायचा. नाहीतर पेट्रोलचा वास आणि काळा धूर. पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीची चाकं वळवत बसायचं नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पेट्रोल पुढे सरकत नाही आणि गाडी आचके देत थांबते. बॉनेट उघडायचं, पंपावर ओला फडका ठेवायचा आणि दहा-पंधरा मिनिटं शेंगदाणे खात थांबायचं. शिकवणारा नवरा असेल तर त्याने ही थांबण्याची वेळ बोलण्यात न घालवलेली बरी. गाडी शिकवताना संसारात जितके कडू शब्द बोलले जातात तितके घर बांधतानाही बोलले जात नसतील. शेजारच्या काकांकडून किंवा गॅरेजमधल्या जुन्या फिटरकडून शिकणं हा मला जास्त सुरक्षित मार्ग वाटतो.

किल्लीइतकाच महत्त्वाचा हक्क निर्णयाचा. रंग कोणता, सीटचं कापड कोणतं, हॉर्न मूळचा ठेवायचा की कसं, यात घरच्यांचं मत घ्यायचं आणि ते मानायचं. ‘ओरिजिनल’ या शब्दाचा धाक दाखवून प्रत्येक सूचना उडवून लावणारे शौकीन मी बघितले आहेत. त्यांच्या गाड्या अप्रतिम असतात आणि त्या गाड्यांत घरचं कुणी बसत नाही.

कागदपत्रांचंही तसंच. खासगी पेट्रोल गाडीची १५ वर्षं झाली की महाराष्ट्रात ती भंगारात काढावी लागत नाही. फिटनेस तपासून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. दिल्लीत तसं नाही, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांचे सल्ले इथे लावू नयेत. केंद्राने २०२१ साली ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका आणली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की ती गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयाच्या रेषेपाशी आल्या आहेत. तर आपली गाडी साग्रसंगीत जपायची की तिच्यातून भाजी आणायची, हे घराने एकत्र बसून ठरवावं. माझं मत भाजीच्या बाजूने.

आणि आरसीवर वारस नेमण्याची सोयही २०२१ पासून झाली आहे, ती वापरावी. गाडीच्या मालकाचं निधन झालं तर वारसाने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. ज्या घरात गाडीचे कागद कुठल्या कपाटात आहेत हे एकालाच माहीत असतं, तिथे दुःखाच्या दिवसांत ही मुदत सहज उलटते आणि चाळीस वर्षं सांभाळलेली गाडी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते.

मुलांना यात कधी आणावं? हाताला काम देता येईल तेव्हा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, प्लगची काजळी पुसायची, टायरची हवा मोजायची, ही आठ-दहा वर्षांच्या मुलाला जमणारी कामं आहेत. मोबाइलसारखं इथे काही सीलबंद नसतं, बिघडलेली वस्तू उघडून दिसते. पेट्रोल, बॅटरी आणि गरम रेडिएटर यांना मात्र मोठ्या माणसाशिवाय हात नाही. या गाड्यांना मागे पट्टे नाहीत. ते बसवून घ्यावेत आणि तिथे मूळ रूपाचा आग्रह धरू नये. मधल्या जागेवर मुलाला बसवण्याचे ते जुने दिवस फोटोत छान दिसतात, आजच्या महामार्गावर नाही.

मोठ्या मुलांना आणखी एक काम आहे. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते, पंपाचा पडदा आणि नळ्या फुगतात, चिरतात. नव्या प्रतीच्या नळ्या घालणं आणि गाडी नियमित फिरवणं हाच उपाय. पावसाळ्यात तर झाकण घालून ठेवलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा लवकर सडते, कारण दमट हवा आतच कोंडते. दारांच्या तळाची भोकं मोकळी आहेत ना, गालिच्याखाली ओल नाही ना, उंदरांनी वायरींवर ताव मारला नाही ना, हे कॉलेजला जाणाऱ्या मुलीने दर शनिवारी बघितलं तर बदल्यात तिला रविवारी गाडी मिळावी.

दसऱ्याला यातल्या कुणाचंही मन वळवावं लागत नाही. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. हार ग्रिलवर इतका गच्च बांधू नये की रेडिएटरला हवाच मिळणार नाही, एवढं पथ्य पाळावं. कोल्हापुरात त्या दिवशी छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते. ती गाडी १९३० च्या दशकातली, जर्मन बनावटीची, आणि आख्खं शहर तिला आपलीच समजून बघायला लोटतं. मालकीच्या पलीकडची ही आपुलकी मुंबईच्या काळी-पिवळी पद्मिनीच्याही वाट्याला आली होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. ज्यांनी आयुष्यात स्वतःची गाडी घेतली नाही, अशा कितीतरी मुंबईकरांनाही तेव्हा चुटपुट लागली.

आता पाळी मारुती ८०० ची आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत ३० वर्षांची, जपलेली गाडी ऐतिहासिक ठरते, आणि पहिली मारुती बाहेर पडली डिसेंबर १९८३ मध्ये. गंमत अशी की, ही गाडी बापाच्या आठवणींत असते त्याहून जास्त आईच्या आठवणींत असते. फियाट घरात असताना मागे बसणाऱ्या कितीतरी बायकांनी परवाना काढला तो या हलक्या, छोट्या गाडीवर; बँकेत, शाळेत, नोकरीवर त्या स्वतः गाडी घेऊन जायला लागल्या. सोसायटीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली ती जुनी ८०० विकायचा विषय निघाला की घरात आई का गप्प होते, हे गाडीवेड्या मुलांनी एकदा विचारावं. नोंदणीची मुदत शिल्लक आहे का तेही त्याच वेळी बघावं, आणि गॅरेजवाल्याशी बोलताना या खेपेला तिला पुढे करावं.