शिखराला साक्षीदार हवा

इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, केझिक नावाचं छोटं गाव आहे. बाजारचौकात मूट हॉल नावाची जुनी इमारत उभी आहे. तिच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला एकच काटा, तासाचा. मिनिटकाटा नाहीच. या घड्याळाखालून निघायचं, ४२ शिखरांना पाय लावायचे आणि २४ तासांच्या आत याच दारात परत यायचं. अंतर सुमारे १०६ किलोमीटर आणि एकूण चढाई सुमारे ८,२०० मीटर. या फेरीला बॉब ग्रॅहम राउंड म्हणतात. डोंगरात धावणाऱ्यांच्या जगात हे नाव फार आदराने घेतलं जातं.

८,२०० मीटरचा अंदाज आपल्याला घरबसल्या येऊ शकतो. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. अलिबागच्या समुद्रापासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत जेवढी उंची होते, तेवढी पाच वेळा चढायची आणि पाचही वेळा उतरायची, एका दिवसात. आणि हे सगळं ज्या डोंगरांत घडतं ते आपल्या सिंहगडापेक्षाही ठेंगणे आहेत! इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्कॉफेल पाइक अवघं ९७८ मीटरचं. पण तिथल्या दऱ्या जुन्या हिमनद्यांनी खोल खरवडून काढलेल्या आहेत, त्यामुळे एका रांगेवरून दुसरीवर जाताना जवळजवळ सगळी उंची गमवावी लागते आणि पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते.

मला या फेरीतलं पहिलं आश्चर्य वाटतं ते तिच्या गणिताचं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या वेळेचा एक आडाखा बांधला, आणि गिर्यारोहक आजही तो वापरतात. दर तीन मैलांना एक तास धरायचा आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक. आता फेरीचे ६६ मैल आणि २७,००० फूट या हिशेबात घालून पाहा. अंतराचे २२ तास, चढाईचे साडेतेरा, म्हणजे साडेपस्तीस तास. तेही कुठे न थांबता, न खाता, वाट न चुकता, धुकं न लागता. त्यातले साडेअकरा तास कुठून तरी वाचवायला हवेत. उभ्या चढणीवर ते फारसे वाचत नाहीत, कारण तिथे जवळजवळ सगळेच गुडघ्यांवर हात टेकून चालतात. वेळ वाचतो उतारावर आणि माथ्यांच्या पठारांवर. आणि थांबण्यात तर तो घालवायचाच नसतो. टेकून बसायचं नाही, पिशवी उघडायची नाही, नकाशा उलगडायचा नाही. मग या गोष्टी करायच्या कुणी? त्या करतात सोबतचे मित्र.

हे पहिल्यांदा जमवलं बॉब ग्रॅहमने, १३ आणि १४ जून १९३२ रोजी. तो केझिकमध्ये अतिथिगृह चालवायचा. चोवीस तासांत जास्तीत जास्त शिखरं गाठण्याची चढाओढ त्या भागात आधीपासून होती. १९०५ मध्ये आर्थर वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने तिच्यात मोठा विक्रम केला होता, आणि हाच माणूस पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होता. ग्रॅहमने शिखरांचा आकडा ४२ वर नेला आणि २३ तास ३९ मिनिटांत तो मूट हॉलपाशी परतला. पायात टेनिसचे बूट आणि अंगात पायजम्याचा सदरा होता, खायला पाव-लोणी, उकडलेली अंडी आणि फळं होती, असं सांगतात. त्याच्यासोबत आळीपाळीने मित्र धावत होते. पुढची अठ्ठावीस वर्षं कुणालाच हे पुन्हा जमलं नाही, इतकी वर्षं की ते खरंच घडलं का अशी शंका लोक घेऊ लागले. शेवटी १९६० मध्ये अॅलन हीटनने ही फेरी २२ तास १८ मिनिटांत पूर्ण केली आणि शंका मिटली.

फेरीचे पाच टप्पे पडतात, कारण मधे चार ठिकाणी डांबरी रस्ता आडवा येतो. पहिल्या टप्प्यात तीनच शिखरं आहेत: स्किडॉ, ग्रेट काल्व्हा आणि ब्लेनकॅथ्रा. पण ती एकमेकांपासून लांब, आणि मधे चिखलाची पाणथळ जमीन नि पोटरीपर्यंत येणारं चिवट झुडूप. ब्लेनकॅथ्रावरून खाली थ्रेल्केल्ड गावात उतरणारी कातळधार ओली असली की अंगावर काटा आणते. दुसऱ्या टप्प्यात बारा शिखरं भराभर येतात. हेल्व्हेलिनची ती रांग लांबलचक आणि मोकळी आहे, तिथे खरंच धावता येतं. ती संपते डनमेल रेझच्या खिंडीत. तिथून समोर स्टील फेलची गवताळ भिंत उभी असते, आणि तिच्या पायथ्याशीच फेरीतला सर्वांत मोठा टप्पा सुरू होतो: पंधरा शिखरं, आणि पुढेपुढे सगळा दगडच दगड. स्कॉफेल पाइकच्या आसपास जमीन अशी उरतच नाही. डोक्याएवढ्या धोंड्यांवरून तोल सांभाळत उड्या मारायच्या, आणि तोवर पायांनी निम्म्याहून जास्त वाट तुडवलेली असते.

याच टप्प्यात ब्रॉड स्टँड आहे. स्कॉफेल पाइक आणि शेजारचं स्कॉफेल यांच्यात एक अरुंद खिंड आहे. खिंडीतून स्कॉफेलवर जायची सरळ वाट एका गुळगुळीत, बाहेर कललेल्या कातळटप्प्याने अडवली आहे. उंची फार नाही, पण हात निसटला तर खाली मोठा कडा. कवी कोलरिज ऑगस्ट १८०२ मध्ये एकटाच इथून खाली उतरला होता. पुढची वाट ठाऊक नसताना एकेका कपारीवरून तो स्वतःला खाली सोडत गेला. थकलेल्या धावपटूला इथे वळसा घालून जाता येतं, पण त्यात बहुमोल मिनिटं जातात. म्हणून पुष्कळदा दोन-तीन मित्र आधीच वर चढून दोर लावून बसतात. धावपटू येणार कधी? वेळापत्रकाप्रमाणे पहाटे चार, पण तो तासभर उशिराही येऊ शकतो. वाऱ्यात, दवात, बोटं बधिर होत असताना ते वाट पाहतात. धावपटू येतो, दोराला लागतो, पाच-दहा मिनिटांत वर जातो आणि पुढच्या अंधारात निघून जातो. मित्र दोर गुंडाळतात आणि घरी जातात. या फेरीबद्दल मी जे काही वाचलं-ऐकलं, त्यात या माणसांइतकं मला कुणीच थक्क केलेलं नाही.

आता शरीराचं काय होतं ते पाहू. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो सुमारे दोन हजार कॅलरींचा. एवढ्या श्रमात तो काही तासांतच संपत येतो. चरबीचा साठा भरपूर असतो, पण ती सावकाश जळते, म्हणून तोंडावाटे साखर आत जात राहायला हवी. पण धावताना रक्त पायांकडे वळलेलं असतं, पोटाला पुरेसं मिळत नाही, आणि दहा-बारा तासांनंतर अन्न पाहूनच मळमळायला लागतं. खाल्लं नाही तर पाय चालत नाहीत, खाल्लं तर उलटी होते. या कात्रीतून सुटायचा मार्ग एकच: थोडं थोडं, वेळेवर, नको वाटत असतानाही खात राहणं. स्वतःला हे करायला लावणं फार अवघड असतं. शेजारी धावणारा मित्र मात्र घड्याळ पाहून अर्धा उकडलेला बटाटा हातात ठेवतो आणि तो गिळेपर्यंत पिच्छा सोडत नाही.

उतारांचं नुकसान वेगळंच. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला शरीराचा भार झेलत तो ताणला जात असतो, आणि त्यात स्नायूंचे सूक्ष्म तंतू तुटतात. किल्ला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी जिन्यावरून उतरताना मांड्या का बोलतात, त्याचं कारण हेच. इथे ती वेळ दुसऱ्या दिवसावर जात नाही, तिसऱ्या टप्प्यातच येते. शिवाय पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान दिवसातल्या नीचांकाला येतं आणि डोळे मिटू लागतात. त्या वेळी नकाशा आणि होकायंत्र हातात असून उपयोग नसतो, कारण डोकं साधी बेरीजही करत नाही. डोंगरात दिशा चुकण्याची किंमत मोठी असते. चुकीच्या सोंडेवरून दोनशे मीटर उतरलात तर ते पुन्हा चढावेच लागतात. म्हणून प्रत्येक टप्प्याला ताज्या दमाची नवी मंडळी येतात. एक वाट काढतो, दुसरा पाणी आणि गरम कपडे वाहतो, तिसरा प्रत्येक शिखराची वेळ वहीत टिपतो. धावपटूने फक्त पुढच्याच्या टाचांकडे पाहत जायचं.

वॉझडेल हे खोऱ्यातलं गाव म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा शेवट. अनेकांची फेरी इथेच संपते. धावपटू डोंगरांवरून सरळ इथे उतरतो, पण मदतीची गाडी घेऊन येणाऱ्यांना सगळ्या डोंगररांगेला लांब वळसा घालून पश्चिमेकडून यावं लागतं. गाडीत सूप, चहा, खीर, कोरडे मोजे असतात. बसायला खुर्चीही असते, आणि तीच धोक्याची. समोर यूबॅरोची उभी चढण दिसत असते, आणि मागे तीस शिखरं पडलेली असतात. मित्रांना इथे कठोर व्हावं लागतं. दहा-पंधरा मिनिटं झाली की ते खुर्ची काढून घेतात. खुर्चीतून उठलेला माणूस बहुधा केझिकला पोचतो, असा तिथल्या लोकांचा अनुभव आहे. पुढे पिलर, ग्रेट गेबल वगैरे नऊ शिखरं, मग होनिस्टरची खिंड, आणि शेवटची तीन: डेल हेड, हिंडस्कार्थ, रॉबिन्सन. तिथून खाली उतरलं की केझिकपर्यंत डांबरी रस्ता.

१९७१ मध्ये फ्रेड रॉजर्सन यांच्या पुढाकाराने बॉब ग्रॅहम क्लब स्थापन झाला. ही स्पर्धा नाही. क्रमांकाची पट्टी नाही, आखलेली वाट नाही, बक्षीस नाही, दिवसही ठरलेला नाही. कुठल्या दिशेने आणि किती वाजता निघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एक नियम पक्का: प्रत्येक शिखरावर तुमच्यासोबत किमान एक माणूस हवा. एकट्याने ४२ शिखरं केलीत तर ते अचाट आहेच, पण क्लबचं सदस्यत्व त्याने मिळत नाही. हा नियम खोटेपणा रोखायला आणि सुरक्षिततेसाठी केलेला आहे. पण त्यातून जे घडलं ते मला फार मोठं वाटतं. पाच टप्पे, प्रत्येकाला दोन-तीन सोबती, शिवाय गाडीवाले, दोरवाले. एकाच्या फेरीसाठी दहा-पंधरा जणांची झोप जाते. ज्याची फेरी झाली, तो पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच्या पिशव्या वाहायला हजर असतो. ज्यांनी आपल्याला मदत केली त्यांना परतफेडीची पुष्कळदा गरजच नसते, ते कधीचेच फेरी करून बसलेले असतात. मग ऋण फिटतं ते पुढच्या माणसाकडे. अशा रीतीने आजवर दोन हजारांहून अधिक जण या यादीत आले आहेत. १९७७ मध्ये जीन डॉज या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या, २३ तास २७ मिनिटांत. २०१६ मध्ये यॉर्कशरच्या शेतकरी निकी स्पिंक्स यांनी कर्करोगाच्या निदानाला दहा वर्षं झाली म्हणून ही फेरी सलग दोनदा केली, ४५ तास ३० मिनिटांत.

विक्रमांच्या गोष्टीतही हाच स्वभाव दिसतो. बॉरोडेलमधले गवंडी बिली ब्लँड यांनी १९८२ मध्ये ही फेरी १३ तास ५३ मिनिटांत केली. हा आकडा ३६ वर्षं अढळ राहिला. ८ जुलै २०१८ रोजी डोंगरधावेतला जगातला सर्वांत नामवंत धावपटू, स्पेनचा किलियन जॉर्नेट, केझिकला आला आणि त्याने १२ तास ५२ मिनिटांत फेरी संपवली. त्या दिवशी त्याला वाट दाखवणारे होते स्थानिक धावपटू, ज्यांना त्या डोंगरांतली प्रत्येक मेंढवाट ठाऊक होती. मूट हॉलच्या पायऱ्यांपाशी त्याचं अभिनंदन करायला स्वतः बिली ब्लँड उभे होते. चारच वर्षांनी, २०२२ मध्ये, अमेरिकेच्या जॅक कुएन्झलने ती वेळ १२ तास २३ मिनिटांवर आणली. स्त्रियांमध्ये जॅस्मिन पॅरिसने २०१६ मध्ये १५ तास २४ मिनिटांत, तर बेथ पास्कलने २०२० मध्ये १४ तास ३४ मिनिटांत फेरी केली.

क्लबला मात्र या वेगाचं वेगळं मोल नाही. तेरा तासांत आलेल्याला जे सदस्यत्व, तेच २३ तास ५९ मिनिटांत दाराला हात लावणाऱ्याला. २४ तास १ मिनिट झालं तर ते मिळत नाही. मग पाय बरे झाले की त्याच मित्रांना पुन्हा फोन करायचा, आणि ते पुन्हा येतात.